वाचक विचारतात : आरटीएक्स ३०६० घ्यावं की ४०६०?

या वेळच्या पत्रांत एकच जोडी पुन्हा पुन्हा आली : एनव्हिडियाची दोन ग्राफिक्स कार्डं, १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० आणि ८ जीबीचं आरटीएक्स ४०६०. म्हणून हे पान त्या दोघांनाच दिलं आहे.

प्रश्न : ३०६० मध्ये ३,५८४ कूडा कोअर (चित्राचं गणित करणारे छोटे घटक), ४०६० मध्ये ३,०७२. मेमरीही १२ ऐवजी ८ जीबी. दोन्ही आकडे कमी असूनही दुकानदार ४०६० वेगवान म्हणतो. हे कसं काय? (सातारा)

दुकानदाराचं म्हणणं खरं आहे, पण अर्धंच.

आधी खरा भाग पाहू. कोअर किती आहेत एवढ्यावरून काही कळत नाही, ती संख्या क्लॉकशी, म्हणजे चिपच्या गतीशी, गुणावी लागते. ३०६० फेब्रुवारी २०२१ मध्ये आलं. त्याची चिप सॅमसंगच्या ८ नॅनोमीटर प्रक्रियेवर बनते आणि बूस्ट क्लॉक (भार असतानाची वरची गती) १.७७७ गिगाहर्ट्झ आहे. ४०६० जून २०२३ चं. त्याची चिप टीएसएमसीच्या जास्त बारीक प्रक्रियेवर बनते आणि तिचं बूस्ट क्लॉक २.४६ गिगाहर्ट्झपर्यंत जातं. आता कोअर गुणिले २ (एका ठोक्याला दोन क्रिया) गुणिले क्लॉक असा हिशोब करा. ३०६० चे १२.७ टेराफ्लॉप्स (सेकंदाला इतके लाख कोटी हिशोब) येतात, ४०६० चे १५.१. फरक १९ टक्क्यांचा. १०८०पी रिझोल्यूशनवर बऱ्याच खेळांची सरासरी घेतली, तर प्रत्यक्षातही ४०६० वीसेक टक्केच पुढे असतं. जिथे ३०६० वर ५० एफपीएस (सेकंदाला इतक्या फ्रेम) मिळतात, तिथे ४०६० वर साधारण ६०.

मात्र हा गुणाकार वाटेल त्या दोन कार्डांना लावू नका. जुन्या आरटीएक्स २०६० मध्ये १,९२० कोअर होते आणि कागदावर जेमतेम ६.५ टेराफ्लॉप्स. म्हणजे ३०६० दुप्पट वेगवान हवं होतं. खेळांत ते वीस टक्क्यांच्या आसपासच पुढे जातं. कारण असं, की ३००० मालिकेपासून एनव्हिडियाने प्रत्येक गटातले फ्लोटिंग पॉइंटचे (दशांशी गणिताचे) कोअर दुप्पट मोजायला सुरुवात केली. पण त्यातल्या अर्ध्यांना पूर्णांकांचं गणितही करावं लागतं. खेळात तसं गणित सतत येतं आणि तेवढा वेळ ते कोअर अडकून राहतात. ३००० आणि ४००० मालिकांत कोअरची ही रचना जवळपास सारखीच असल्यामुळे आपल्या जोडीला गुणाकार लागू पडतो. एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीच्या कार्डाशी तुलना करताना तो सोडून द्या आणि थेट चाचण्यांचे आकडे बघा.

आता मेमरीचा वेग. ३०६० ची बस (चिप आणि मेमरी यांच्यातली वाट) १९२ बिटची आणि मेमरीचा वेग प्रत्येक बिटला सेकंदाला १५ गिगाबिट. १५ गुणिले १९२ भागिले ८ केलं की सेकंदाला ३६० जीबी. ४०६० ची बस १२८ बिटची, मेमरीचा वेग १७ गिगाबिट, म्हणून सेकंदाला २७२ जीबी. इथे ४०६० चांगलंच मागे आहे. ही तूट भरून काढायला त्याच्या चिपमध्ये २४ एमबीची एल२ कॅशे (चिपच्या आतली छोटी, वेगवान मेमरी) दिली आहे. ३०६० मध्ये ती ३ एमबी आहे. १०८०पी वर लागणारा बराचसा डेटा या कॅशेतच सापडतो, त्यामुळे अरुंद बस जाणवत नाही. रिझोल्यूशन १४४०पी किंवा ४के केलं, की कॅशे अपुरी पडू लागते आणि ४०६० ची आघाडी कमी होत जाते.

दुकानदाराने न सांगितलेला भाग मेमरीच्या आकाराचा आहे. कोअर, क्लॉक, बस यांत एखादी गोष्ट कमी पडली, तर एफपीएस थोडे कमी होतात, एवढंच. मेमरीचं तसं नाही. ७.५ जीबी लागत असेल तोवर ८ आणि १२ मध्ये कणभर फरक दिसत नाही. ९ जीबी लागली, की ८ जीबीचं कार्ड एकदम कोसळतं. उरलेला डेटा संगणकाच्या रॅममध्ये जातो आणि तिथून पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्डाला मदरबोर्डशी जोडणाऱ्या, वाटेने ये-जा करतो. कार्डाच्या मेमरीचा वेग सेकंदाला २७२ जीबी, तर ४०६० ला मिळणारी ही वाट उत्तम बोर्डावरही सेकंदाला १६ जीबीची. २०२३ पासूनच्या काही मोठ्या खेळांत अल्ट्रा टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रं) आणि रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशोब) एकत्र लावलं, तर १०८०पी वरही ८ जीबी पुरत नाही. तिथे जुनं, मंद ३०६० हे ४०६० च्याही पुढे निघून जातं.

आमचा सल्ला असा. १०८०पी, टेक्श्चर 'हाय' वर ठेवायला हरकत नाही आणि वीजबिलाकडे लक्ष आहे, तर ४०६०. टेक्श्चर कमी करायचे नसतील, किंवा खेळाबरोबर ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधले मोठे सीन अथवा एआयचं कामही असेल, तर ३०६०. मात्र १२ जीबीचंच. ८ जीबीचं ३०६० ही २०२२ मध्ये आलं. त्याची बस १२८ बिटची आणि वेग सेकंदाला २४० जीबी. नाव तेच असलं तरी ते मूळ ३०६० पेक्षा स्पष्टपणे मंद आहे. त्यात दोन्ही कार्डांचे तोटे एकत्र आलेत, त्यामुळे ते घेऊ नका.

प्रश्न : मेमरी संपली हे कळतं कसं? माझ्या ४०६० वर सरासरी ७० एफपीएस दिसतात, तरी खेळ मध्येच अडखळतो. (नाशिक)

सरासरी आकडा हे लपवतो. ६० एफपीएस म्हणजे एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. शंभर फ्रेम प्रत्येकी १३ मिलिसेकंदांत निघाल्या आणि दोन फ्रेमना प्रत्येकी १५० लागले, तरी सरासरी ६३ च्या घरात दिसते. तुमच्या डोळ्यांना मात्र ते दोन झटकेच जाणवतात. म्हणून एमएसआय आफ्टरबर्नर किंवा कॅपफ्रेमएक्स वापरून सरासरीबरोबर '१ टक्का लो' (सगळ्यात मंद एक टक्का फ्रेमचा एफपीएस) हा आकडाही बघा. सरासरी ७० आणि १ टक्का लो ५० च्या पुढे असेल तर सगळं ठीक. तो २५-३० वर आला असेल, तर कुठेतरी काहीतरी अडतंय.

ते मेमरीमुळेच अडतंय का, हे असं तपासा. खेळ अर्धा तास चालू द्या, कारण मेमरी हळूहळू भरते आणि पहिल्या पाच मिनिटांत सगळं छान दिसतं. मग टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये जीपीयू निवडा. 'डेडिकेटेड' (कार्डावरची) मेमरी ७.५ च्या वर चिकटलेली आणि 'शेअर्ड' (संगणकाच्या रॅममधली) मेमरी १ जीबीच्या पुढे चढत असेल, तर मेमरी सांडतेय. फक्त डेडिकेटेडचा आकडा पाहून घाबरू नका. बरेच खेळ गरज नसतानाही मिळेल तेवढी जागा अडवून ठेवतात.

उपायही आहे. टेक्श्चर एक पायरी खाली आणा, दुसरं काहीच बदलू नका. मेमरी पुरत असते तेव्हा टेक्श्चरच्या दर्जाने एफपीएस जवळपास बदलत नाहीत. त्या सेटिंगचा भार पडतो तो मेमरीवर. म्हणूनच ३०६० वाल्यांनी उलटं करावं : टेक्श्चर सगळ्यात वर ठेवावेत आणि शॅडो, रिफ्लेक्शन कमी करावेत. याबरोबर ब्राउझरच्या उघड्या खिडक्या बंद करा. दोन मॉनिटर आणि वीस टॅब मिळून अर्धा-पाऊण जीबी सहज खातात.

काही खेळ अडखळतही नाहीत. ते गुपचूप खालच्या दर्जाचे टेक्श्चर भरतात. आकडे उत्तम येतात, पण भिंती आणि चेहरे धूसर राहतात. दोन कार्डांची तुलना करणाऱ्या नुसत्या आलेखात हे कधीच दिसत नाही. त्यासाठी दोन्हींची चित्रं शेजारी ठेवूनच पाहावी लागतात.

प्रश्न : कंपनीच्या आलेखात ४०६० जवळपास दुप्पट दिसतं. तुम्ही वीस टक्के म्हणता. (डोंबिवली)

त्या आलेखाच्या खाली बारीक अक्षरांत 'फ्रेम जनरेशन' असं लिहिलेलं असतं. ४०६० दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक फ्रेम स्वतः तयार करून घालतं. ३०६० ला डीएलएसएसचं (एआयने फ्रेम सुधारण्याच्या एनव्हिडियाच्या तंत्राचं) हे अंग मिळत नाही, त्यामुळे त्या आलेखात एका कार्डाच्या खऱ्या फ्रेम दुसऱ्याच्या खऱ्या अधिक तयार केलेल्या फ्रेमशी तोललेल्या असतात. सोय वाईट नाही. मुळात ५५-६० एफपीएस येत असतील, तर हालचाल खरोखर गुळगुळीत दिसते. पण ३० वरून ६० करायला गेलात, तर चित्र ६० चं दिसतं आणि माउसचा प्रतिसाद ३० पेक्षाही जड वाटतो, कारण मधली फ्रेम बनवायला पुढची खरी फ्रेम रोखून धरावी लागते. शिवाय ही सोय स्वतः काही मेमरी घेते, म्हणजे ८ जीबीची अडचण आणखी लवकर येते.

चित्र मोठं करणारं नेहमीचं डीएलएसएस दोन्ही कार्डांवर चालतं. एएमडीच्या अशाच तंत्राचं, एफएसआर ३ चं, फ्रेम जनरेशन ज्या खेळांत दिलं आहे, तिथे ते ३०६० वरही चालतं.

प्रश्न : आय३-१०१००, एच४१० बोर्ड. ४०६० बसेल का? (जळगाव)

बसेल. ४०६० चा कनेक्टर लांबीला १६ लेनचा (डेटाच्या १६ वाटांचा) असला, तरी आत जोडलेल्या लेन ८ च आहेत. पीसीआय एक्सप्रेस ४.० वर त्या पुरतात. तुमचा बोर्ड ३.० चा आहे, म्हणजे वाट निम्मी होऊन सेकंदाला सुमारे ८ जीबी राहते. मेमरी पुरत असेल तोवर नुकसान थोड्या टक्क्यांचंच होतं. मेमरी सांडली की मात्र तुमच्याकडे झटके जास्त तीव्र येतील, कारण सांडलेला डेटा याच वाटेने फिरतो. ३०६० सगळ्या १६ लेन वापरतं, त्यामुळे जुन्या बोर्डावर ते जास्त निभावून नेतं. हीच गोष्ट बी४५० बोर्डाची. आणि बी५५० वर रायझन ५६००जी असेल तरीही, कारण तो प्रोसेसर स्वतः ३.० चाच आहे. बोर्ड नवा आहे एवढ्यावर जाऊ नका.

वॅलरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ हेच मुख्य खेळ असतील, तर तुमच्याकडे अडसर प्रोसेसरचा आहे. दोन्ही कार्डांवर जवळपास तेच एफपीएस दिसतील.

प्रश्न : जुना ४५० वॅटचा एसएमपीएस आणि ६०० व्हीएचा यूपीएस आहे. उन्हाळ्यात खोली भट्टी होते. कोणतं कार्ड झेपेल? (अकोला)

इथे ४०६० चा पगडा स्पष्ट आहे : ११५ वॅट, तर ३०६० चे १७० वॅट.

एनव्हिडिया दोन्हींसाठी ५५० वॅटचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) सुचवते. त्यात बरीच मोकळीक धरलेली आहे, त्यामुळे चांगल्या कंपनीचा ४५० वॅटचा ४०६० सहज चालवतो. पण खोक्यावरचा ४५० हा आकडा सोडून द्या आणि बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. ३० अँपिअर म्हणजे ३६० वॅट, ठीक. काही स्वस्त एसएमपीएसवर ४५० वॅट लिहून १२ व्होल्टला १६-१८ अँपिअरच दिलेले असतात, म्हणजे जेमतेम २०० वॅट. अशावर खेळ सुरू होताच संगणक फटकन बंद पडून पुन्हा सुरू होतो. लोक कार्ड खराब समजून परत करतात, आणि दोष निघतो एसएमपीएसचा.

कार्डाला ८ पिनचा पीसीआयई कनेक्टर हवा, जो ६ अधिक २ असा तुटतो. ४ अधिक ४ असा तुटणारा प्रोसेसरचा असतो. तो दिसायला सारखा, पण त्यातल्या तारांची जागा उलट आहे, तेव्हा जोर करून घुसवू नका. मोलेक्सपासून (जुन्या ४ पिनच्या कनेक्टरपासून) ८ पिन बनवणारी स्वस्त वायरही टाळा. तिची पिन सैल असली, की तिथेच तापून प्लास्टिक वितळतं.

यूपीएसचा हिशोब. ६०० व्हीएचे बहुतेक यूपीएस ३६० वॅटच देतात. ३०६० चे १७०, प्रोसेसरचे ८०, बाकी ४० मिळून २९०. एसएमपीएसची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर भिंतीतून ३४० वॅट. मॉनिटरचे २५ मिळवले की ३६५, म्हणजे वीज गेली त्या क्षणी यूपीएसही मान टाकणार. ४०६० बरोबर हाच आकडा ३०० वर येतो. बॅटरी नवी असेल तर खेळ सेव्ह करून बंद करायला वेळ मिळतो.

खोलीचं तापमान वाढेल तेवढंच कार्डाचं वाढतं. २५ अंशांना ६८ वर राहणारं कार्ड ३८ अंशांच्या खोलीत ८० च्या पुढे जाईल. ३०६० च घ्यायचं असेल, तर आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणा. १७० चे १३६ वॅट होतात, वेग पाचेक टक्केच घटतो आणि पंख्यांचा आवाज उतरतो.

वीजबिलातला फरक लोकांना वाटतो तेवढा नसतो. ५५ वॅट, रोज ४ तास म्हणजे वर्षाला ८० युनिट. युनिटला १० रुपये धरले तर ८०० रुपये. किमतीतला फरक यावरून वसूल होतो का, ते आपापल्या वापरावरून ठरवा.

प्रश्न : लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, ब्लेंडर शिकतोय आणि घरच्या संगणकावर भाषेचं एआय मॉडेल चालवून पाहायचं आहे. (कोल्हापूर)

तीन कामांची तीन उत्तरं आहेत.

व्हिडिओसाठी आधी कॅमेऱ्याची सेटिंग सांगा. १० बिट ४:२:२ (रंगाची जास्त माहिती ठेवणाऱ्या सेटिंग) मध्ये एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) चित्रीकरण करत असाल, तर या दोन्हींपैकी एकही कार्ड ते हार्डवेअरवर उलगडत नाही. टाइमलाइन अडखळत राहील आणि कार्ड बदलून काही होणार नाही. ११ व्या पिढीपासूनच्या इंटेल प्रोसेसरमधलं अंगभूत ग्राफिक्स हे काम करतं, मात्र नावाच्या शेवटी 'एफ' अक्षर असलेला प्रोसेसर नको, कारण त्यात ते ग्राफिक्सच नसतं. ४:२:० (रंगाची कमी माहिती ठेवणारी सेटिंग) मध्ये चित्रीकरण असेल तर दोन्ही कार्डं छान चालतात. एव्ही१ या दुसऱ्या पद्धतीत फाइल बनवायची सोय ४०६० वरच आहे. ३०६० एव्ही१ दाखवतं, पण बनवत नाही.

ब्लेंडरमध्ये सीन मेमरीत मावत असेल तोवर ४०६० ठळकपणे वेगवान आहे. ४के टेक्श्चर, गवत, झाडं वाढली की ८ जीबी लवकर भरते, आणि त्यानंतर रेंडर एक तर फार मंदावतो किंवा मेमरी संपल्याचा संदेश देऊन थांबतो.

भाषेच्या मॉडेलसाठी निःसंशय ३०६०. ४ बिटमध्ये (दाबून लहान केलेल्या रूपात) ८ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल ५ जीबीच्या आसपास बसतं, ते दोन्हींवर चालेल. १३ अब्जचं साडेसात-आठ जीबी होतं आणि वर संभाषणासाठी जागा लागते, तेव्हा ते १२ मध्येच मावतं. यात आणखी एक गोष्ट आहे : एकेक शब्दखंड लिहिताना कार्डाला संपूर्ण मॉडेल मेमरीतून वाचावं लागतं. ५ जीबीचं मॉडेल २७२ च्या वेगाने सेकंदाला फार तर ५४ वेळा वाचता येईल, ३६० च्या वेगाने ७२ वेळा. इथे कॅशे मदतीला येत नाही, कारण २४ एमबीत ५ जीबी कसं मावणार? त्यामुळे लहान मॉडेलवरसुद्धा उत्तर लिहून काढण्यात जुनं कार्ड पुढे राहतं.

प्रश्न : ५०६० आलंय, मग या जुन्यांचा विचार कशाला? (ठाणे)

मे २०२५ मध्ये आलेल्या ५०६० मध्ये ३,८४० कोअर आहेत आणि जीडीडीआर७ मेमरी सेकंदाला ४४८ जीबी देते, म्हणजे वेगात ते दोघांच्याही पुढे आहे. मेमरी पुन्हा ८ जीबीच. लेनही ८ च. वर लिहिलेलं मेमरीचं सगळं त्यालाही लागू.

प्रश्न : वापरलेलं ३०६० स्वस्तात मिळतंय. काय तपासू? (पुणे)

१५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग (कार्डं चालवून चलन मिळवणं) बंद झालं आणि त्यात राबलेली बरीच कार्डं बाजारात आली. मायनिंग झालेलं कार्ड वाईटच असतं असं नाही. पंखे आणि थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणारे पॅड) मात्र झिजलेले असू शकतात. विकणाऱ्याच्या घरी जाऊन, चालू संगणकातच बघा.

आधी जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा. शेडर (म्हणजे कोअर) ३,५८४, बस १९२ बिट, मेमरी १२ जीबी, बँडविड्थ सेकंदाला ३६० जीबी, हे चारही आकडे जुळले पाहिजेत. चिपचं नाव जीए१०६ असतं. काही कार्डांत जीए१०४ दिसतं, त्यात वावगं काही नाही. ३,८४० शेडर आणि ६ जीबी दिसली, तर ती लॅपटॉपची चिप साध्या कार्डावर बसवलेली आहे. तिच्या ड्रायव्हरचा पुढे त्रास होतो, तेव्हा ती घेऊ नका.

मग पंधरा मिनिटं जड थ्रीडी लोड द्या. तापमान ८० च्या आत राहावं. 'हॉट स्पॉट' (चिपवरची सगळ्यात तापलेली जागा) त्याहून १०-१५ अंश जास्त असणं नेहमीचं. फरक २५ च्या पुढे असेल तर चिपवरची उष्णता वाहणारी पेस्ट वाळलेली असू शकते, तो खर्च किमतीतून कापून घ्या. ३०६० मेमरीचं तापमान दाखवत नाही, म्हणून ओसीसीटी या चाचणीच्या सॉफ्टवेअरमधली मेमरीची चाचणी चालवा. एकही चूक निघाली तर कार्ड सोडून द्या. पंखे हाताने नाही, तर सॉफ्टवेअरने १०० टक्क्यांवर नेऊन खरखर ऐका. मागचे सगळे डिस्प्ले पोर्ट आणि एचडीएमआय एकेक करून लावून बघा. बिलावरचा आणि कार्डावरचा सीरियल नंबर एकच असावा.

शेवटी जीपीयू-झेडमधला 'बस इंटरफेस' वाचा. कार्ड रिकामं असताना तिथे पीसीआय एक्सप्रेसची आवृत्ती १.१ दिसते, ते वीज वाचवण्यासाठी. शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून रेंडर टेस्ट सुरू करा, मग खरा आकडा येतो. तिथे १६ ऐवजी ८ किंवा ४ लेन दिसल्या, तर कार्ड काढून सोनेरी पट्टी खोडरबराने हलकेच पुसा आणि प्रोसेसरच्या सगळ्यात जवळच्या स्लॉटमध्ये लावून पुन्हा बघा. तरीही १६ दिसल्या नाहीत, तर तेच कार्ड दुसऱ्या बोर्डावर लावून बघेपर्यंत पैसे देऊ नका.